वरचे तीस लाख

एसटीवाल्याचा_मुलगा | रविवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कोथरूडला आई-बाबांचा फ्लॅट आहे. १९८८ साली घेतलेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, आई मागच्या वर्षी गेली. आता मी आणि धाकटी बहीण, दोनच वारस. सोसायटीत नावं लागली, विकायचं ठरलं. एजंटने दोन गिऱ्हाइकं आणली.

पहिला व्यापारी माणूस. एक कोटी वीस देतो म्हणाला. त्यातले ९० चेकने, ३० वरचे. रोख, करारात न दाखवता. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे तिशीतलं जोडपं, दोघं नोकरीवाले. त्यांची उडी एक कोटी दहापर्यंत, पण सगळे बँकेतून.

मी म्हटलं, दुसऱ्यांना देऊ. बहीण म्हणाली, पहिल्याला. ती सांगलीला असते. मेहुण्यांचं दुकान बसलं, घर भाड्याचं. तिकडे एक छोटा फ्लॅट तिने बघून ठेवलाय आणि तिथला बिल्डरसुद्धा आठ लाख वरचे मागतोय. फोनवर म्हणाली, "दादा, तू धुतल्या तांदळासारखा राहशील रे. मी ते आठ कुठून आणू?"

माझी अडचण अशी की बाबा एसटीत कंडक्टर होते. ड्युटीवर जायच्या आधी स्वतःच्या खिशातली रक्कम वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर, लिहायची असते, म्हणजे परत आल्यावर एसटीचे किती आणि स्वतःचे किती हे कळतं. बाबा चार रुपये असले तरी चार लिहायचे. एकदा मी गंमत म्हणून त्यांच्या खिशात आठ आणे टाकले होते. संध्याकाळी घरी आले ते हिशेब का जुळत नाही म्हणून जेवायलाच बसेनात. मी कबूल केलं तेव्हा कुठे हात धुतले. अशा माणसाच्या घराचे साठ गड्ड्या भरून पैसे घ्यायचे? (पाचशेच्या नोटांत तीस लाख म्हणजे शंभर नोटांच्या साठ गड्ड्या. हिशेब केला मी. रात्री झोप येत नव्हती.)

प्रश्न साधा आहे. आजच्या काळात सरळ वागून चांगलं जगता येतं का? की सरळ वागणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे?


खारीबिस्कीट | रविवार, रात्री ९.३१

रुमाल टाकून ठेवतोय. चहा घेऊन येतो.


घाटावरचा | रविवार, रात्री ९.४४

दादा, भावना पोचल्या. पण हा व्यवहार आहे, सत्यनारायण नाही. पुण्यात पन्नास वर्षं घरं अशीच विकली जातायत. तुम्ही एकट्याने नाही म्हटल्याने तो व्यापारी सुधारणार आहे का? समोरच्या बिल्डिंगीत जाईल. नुकसान फक्त तुमचं आणि ताईंचं.

आणि तो कर भरून मिळतं काय? आमच्या गल्लीतला खड्डा तीन पावसाळे बघतोय मी. त्याला आता नाव ठेवायचं बाकी आहे.


लोकल_प्रवासी | रविवार, रात्री ९.५२

घाटावरचे, खड्ड्याचं नाव 'वरचे' ठेवा. कंत्राटदाराने वरचे दिले म्हणूनच तो पडलाय.


घाटावरचा | रविवार, रात्री ९.५५

=)) हे बाकी खरं.


आकडेमोड | रविवार, रात्री १०.१८

पेशाने सीए आहे, म्हणून नीतीचं नंतर, आधी आकडे. लोक निम्मं काळं लालसेने करतात आणि निम्मं अज्ञानाने.

१. घर जुनं आहे. २००१ च्या आधीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाने होणारी किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. ती १० लाख निघाली असं समजा. एक कोटी दहाला विकलं तर नफा एक कोटी. सध्याच्या १२.५ टक्क्यांनी कर साडेबारा लाख, वर थोडा सेस. कागदावर ९० दाखवले तर कर दहा लाख. म्हणजे रोखीने वाचणारा कर अडीच लाख. त्यात दहा लाख जास्तीची किंमत मिळवली की एकूण फरक साडेबारा, प्रत्येकी सव्वासहा.

२. पण तो अडीच लाख तरी खरा आहे का? नफा दोघांत वाटला तर प्रत्येकी ५० लाख. बहिणीने त्यातून सांगलीला राहतं घर घेतलं तर जेवढे घरात घातले तेवढ्यावर कर नाही. तुम्हाला घर नको असेल तर सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात, पाच वर्षं हात लावायचा नाही. म्हणजे कायद्यात राहूनसुद्धा कर जवळजवळ शून्यावर येतो. खरा फरक उरतो तो फक्त किमतीतला, प्रत्येकी पाच लाख.

३. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेता येत नाही. पकडलं तर जितकी घेतली तितकाच दंड. म्हणजे तीस घेतले तर तीस. आणि हा दंड घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही, हे एजंट कधी सांगत नाही.

४. वरच्या तीस लाखांवर मुद्रांक शुल्क वाचतं ते विकत घेणाऱ्याचं. पुण्यात ७ टक्के धरले तर दोन लाख दहा हजार. त्याचा खरा फायदा वेगळाच. त्याच्याकडे पडून असलेला पैसा तुमच्या घरात मुरतो. तुम्हाला जास्तीचे दहा लाख मिळतायत ते धुलाईची मजुरी म्हणून.


कुंपण | रविवार, रात्री १०.२९

आकडेमोड, शेवटचं वाक्य कोरून ठेवण्यासारखं.

बाकी, अशा वेळी रामशास्त्र्यांची आठवण येते. नारायणरावांच्या खुनानंतर, १७७३ साली, राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा माणूस. घरात उद्याचं अन्नही साठवायचे नाहीत असं सांगतात. तो बाणा आज राहिला नाही, हेच आपलं दुखणं.


खारीबिस्कीट | रविवार, रात्री १०.३३

रामशास्त्र्यांना बहिणीबरोबर सामाईक फ्लॅट विकायचा नव्हता हो.


कुंपण | रविवार, रात्री १०.३६

थट्टा करा. म्हणूनच ही वेळ आली.


विश्रामबागेची_आक्का | रविवार, रात्री १०.५०

मी सांगलीची. म्हणून त्या बहिणीच्या बाजूने बोलणारच.

धागाकर्ते, तुम्ही पुण्यात राहता, स्वतःचं घर असणार, पगार किंवा पेन्शन असणार. पाच लाख गेले तर तुमचं काय अडतंय? तिचं अडतंय. भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी भांडीकुंडी बांधायची काय असतं ते मी केलंय, सहा वेळा. तिसऱ्या घरातून निघताना मुलाची दहावी होती आणि पुस्तकांची पेटी टेम्पोत पावसात भिजली. मालकाला सांगितलं, परीक्षा होऊ द्या. म्हणाला, करार संपला.

तत्त्व तुमचं, आणि त्याचे पैसे तिच्या खिशातून. ह्याला मी प्रामाणिकपणा म्हणत नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून नैवेद्य दाखवणं म्हणते.


न्यूजर्सीचा_नाना | रविवार, रात्री ११.४० (आमच्याकडे दुपार)

इथे मी दोन घरं घेतली, एक विकलं. पैसा सगळा त्रयस्थाच्या खात्यातून फिरतो, रोख द्यायची म्हटली तर वकीलच दार दाखवेल. व्यवस्था सरळ असली की माणूस आपोआप सरळ वागतो. आपल्याकडे माणसाकडून रामशास्त्री होण्याची अपेक्षा करतात आणि व्यवस्था राघोबाची ठेवतात.


घाटावरचा | रविवार, रात्री ११.४८

आले एनाराय उपदेश घेऊन. नाना, तिकडे घरातला नळ दुरुस्त करणाऱ्याला चेक देता का?


न्यूजर्सीचा_नाना | सोमवार, रात्री १२.०५

पकडलंत. रोख देतो, दहा टक्के कमी घेतो तो. बायको म्हणते तसं, माझी नीतिमत्ता पाच हजार डॉलरच्या वर सुरू होते.


निवृत्त_कारकून | सोमवार, सकाळी ६.१५

पहाटे उठायची सवय, म्हणून सगळा धागा चहाबरोबर वाचला. महसूल खात्यात ३४ वर्षं काढली. फेरफार, सातबारा, वारसनोंदी हेच आयुष्य. खोटं कशाला बोलू, समोरून यायचं. मागावं लागायचं नाही. माणूस अर्ज द्यायचा आणि अर्जाखाली घडी घातलेली नोट असायची. मी नोट परत द्यायचो तेव्हा त्याचा चेहरा पडायचा. त्याला वाटायचं, रक्कम कमी पडली. खुशीने जाणारा माणूस मी घाबरवून पाठवायचो. हे कुणी सांगत नाही, प्रामाणिक कारकुनाची लोकांना जास्त भीती वाटते. पैसे घेणाऱ्याकडे काम होणार याची खात्री असते.

एक दिवाळी आठवते. एका जमीनवाल्याने घरी काजूकतलीचा अर्धा किलोचा डबा पाठवला. मुलांनी वरचा थर संपवला तेव्हा खालचा कागद जाड लागला. पाकीट. मी पाकीट घेऊन त्याच रात्री सायकलवर त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "अण्णा, डबा कुठंय?" आता डबा अर्धा रिकामा. मी म्हटलं, डबा पोरांनी खाल्ला. तो हसला आणि म्हणाला, "मग पाकिटानं काय पाप केलं?" उत्तर मला त्या दिवशीही सुचलं नाही, आजही नाही.

पुढच्या वर्षी बदली झाली, दीडशे किलोमीटरवर. पाकिटामुळेच झाली असं म्हणणार नाही, पण डबा पाठवणारे परत कधी आले नाहीत. बायकोने दोन वर्षं दोन चुली सांभाळल्या. तिला मी विचारलं नव्हतं. आक्कांचं वाक्य म्हणून लागलं.

चांगलं जगलो का? झोप चांगली लागली. पण झोप मला लागली. तिला रात्रभर खोकला आणि लहान पोरं होती.


लोकल_प्रवासी | सोमवार, सकाळी ८.४० (गाडी मुंब्र्याला अडकली आहे)

काका, कोपरापासून नमस्कार. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. काजूकतली लाच धरायची की नाही?


पावसाळी | सोमवार, सकाळी ९.०२

चांदीचा वर्ख असेल तर लाच, नसेल तर फराळ.


आकडेमोड | सोमवार, सकाळी ९.१०

फराळाची देवाणघेवाण होते. तुम्ही त्याला चकली पाठवली असती तर फराळ. एकाच बाजूने येत असेल तर लाच.


कुंपण | सोमवार, सकाळी ९.१४

गंभीर धाग्याचा फराळ झाला. संपादक मंडळ लक्ष देईल का?


खारीबिस्कीट | सोमवार, सकाळी ९.१६

संपादक मंडळाला काजूकतली पाठवा, लगेच लक्ष देतील.


मधुमालती | सोमवार, दुपारी १.२०

फराळ चालू द्या, मी दुसऱ्या बाजूचं लिहिते. धाग्यात जे 'तिशीतलं जोडपं' आहे ते आम्ही नव्हे, पण तीन वर्षांपूर्वी आम्ही हुबेहूब तेच होतो.

दोघांचा पगार खात्यात येतो आणि कर हातात यायच्या आधीच कापलेला असतो. सहा महिन्यांत सात घरं बघितली. आवडलेल्या चार घरांच्या मालकांनी शेवटी तेच विचारलं, "वरचे किती देणार?" एका आजोबांनी तर आधी चहा पाजला, देवघर दाखवलं, ही वास्तू फार लाभाची आहे म्हणाले आणि मग पंचवीस रोख सांगितले. देवासमोर!

लोकांना एक गोष्ट लक्षात येत नाही. बँक कर्ज देते ते करारावरच्या रकमेवर. तीस ते ७५ लाखांचं कर्ज असेल तर किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे नव्वदच्या करारावर जास्तीत जास्त बहात्तर. बाकीचे स्वतःचे, वर तीस रोख, वर मुद्रांक शुल्क. रोख आम्ही आणायची कुठून? आमच्याकडे काळा पैसाच नाही! नवऱ्याच्या ओळखीच्या एकाने पीएफ काढून, खात्यातून थोडे थोडे करत वीस लाख उचलले आणि पिशवीत घालून मालकाला दिले. कर भरलेला पांढरा पैसा त्याने स्वतःच्या हाताने काळा केला. आणि पुढे तो विकेल तेव्हा कागदावर त्याने कमी किमतीला घेतलेलं दिसणार, म्हणून तोही वरचेच मागणार. त्याच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

आम्ही शेवटी कर्वे रस्त्याचा नाद सोडला आणि धायरीच्या पुढे गेलो. ऑफिसला जायला सव्वा तास. मुलगी पाळणाघरात सर्वात शेवटी राहते, सात वाजता बाईंच्या कडेवर बसून फाटकाकडे बघत असते.

आक्का, तुमचं घर सहा वेळा बदललं, ते वाचून वाईट वाटलं. पण वरच्यांची किंमत कुणीतरी तिसरा भरतो आणि तो या बैठकीत नसतो, एवढंच सांगायचं होतं.


विश्रामबागेची_आक्का | सोमवार, दुपारी २.०५

मधु, बाई गं, तुझं पटलं. पोरीचं वाचून पोटात कालवलं. पण मग असं कर, माझ्या नजरेने पण बघ. धागाकर्त्यांची बहीण आणि तू, दोघी एकाच खड्ड्यात आहात. तिच्याकडूनही बिल्डर आठ मागतोयच की. तिला ते घ्यावेसे वाटतात कारण पुढं द्यायचेत.


घाटावरचा | सोमवार, दुपारी २.३०

मी कालपासून 'घ्या' म्हणतोय आणि मधुमालतींनी बोलती बंद केली. माघार नाही, पण आवाज कमी करतो.

तरी एक शंका. हे सगळं थांबवायला नोटाबंदी झाली ना, ८ नोव्हेंबर २०१६? मी स्वतः रांगेत उभा होतो, चार तास, दोन हजारांसाठी. काय थांबलं?


न्यूजर्सीचा_नाना | सोमवार, संध्याकाळी ५.५०

घाटावरचे, नोटाबंदीवर बोललात तर हा धागा दीडशेच्या पुढे जाईल आणि घर मात्र विकलं जाणार नाही.


पावसाळी | सोमवार, संध्याकाळी ६.१०

अवांतर: धायरीच्या पुढे पाणी टँकरने येतं का अजून? आम्ही बघतोय तिकडे.


मधुमालती | सोमवार, संध्याकाळी ६.२२

येतं. टँकरवाला रोखच घेतो, पावती मागितली तर उद्यापासून येत नाही. :(


एसटीवाल्याचा_मुलगा | सोमवार, रात्री १०.४५

सगळ्यांचे आभार. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आक्का, तुम्ही बरोबर ओळखलंत. माझं घर आहे, पेन्शन आहे. म्हणून उत्तर द्यायच्या आधी दिवसभर थांबलो.

आज फ्लॅटवर गेलो होतो. कागद शोधायचे होते, २००१ चं मूल्यांकन काढायला आकडेमोड म्हणाले त्यासाठी. आईच्या कपाटात वरच्या फळीवर एक पत्र्याची पेटी आहे. त्यात मूळ करारनामा, पावत्या, आणि बाबांची एक पाठपोट लिहिलेली वही. घराचा सगळा हिशेब. सोसायटीकडून घेतलेलं कर्ज, आईची मोडलेली पाटली, मामांकडून उसने आणलेले आणि परत दिलेले, तारखांसकट. खिडक्यांच्या गजांचे पैसेसुद्धा.

तिसऱ्या पानावर एक ओळ आहे. 'बिल्डरला वरचे रु. १८,०००, रोख, पावती नाही.'

अक्षर तेच. वेबिलावर चार रुपये लिहिणारं.

मी जमिनीवर बसून राहिलो बराच वेळ. म्हणजे मी ज्या माणसाच्या जिवावर बहिणीला नाही म्हणत होतो, त्यानेही दिलेच होते. आणि १९८८ सालचे अठरा हजार म्हणजे त्यांचा वर्षभराचा पगार नसला तरी फार लांब नसावा. आता बहिणीला काय तोंड दाखवू कळत नाही. तिला सांगितलं तर ती म्हणेल, बघ. नाही सांगितलं तर मी खोटारडा.


कुंपण | सोमवार, रात्री ११.०१

दिले होते, घेतले नव्हते. फरक आहे.


घाटावरचा | सोमवार, रात्री ११.०४

टाळी एका हाताने वाजते काय कुंपणराव?


निवृत्त_कारकून | मंगळवार, सकाळी ५.५०

मला त्या ओळीत दुसरंच दिसतं. 'पावती नाही' असं त्यांनी का लिहिलं? ती वही कुणाला दाखवायची नव्हती. कुणी तपासणार नव्हतं. तरी लिहिलं. लाच घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांच्या वह्या मी बघितल्यात, तिथे अशा रकमेपुढे 'किरकोळ' असतं, किंवा कुणाचं तरी अर्धं नाव. पावती नाही असं स्वतःलाच बजावून ठेवणारा माणूस त्या अठरा हजारांवर सुखाने झोपला नसणार. काय सांगावं, तो पैसा न देता घरच मिळत नसेल.

अजून एक. देहू आमच्यापासून जवळ. तुकोबांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पण त्यातला अर्धा भाग लोक विसरतात. घरची सावकारी होती, खतांवर धाकट्या भावाचा, कान्होबाचाही हक्क होता. म्हणून खतांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाला दिला आणि स्वतःचा तेवढा बुडवला. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. त्याला उपदेश केल्याचंही कुठे ऐकलं नाही.

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेतरी असेल असं मला वाटतं. किती बुडवायचं ते तुमच्या वाट्यापुरतं.


लोकल_प्रवासी | मंगळवार, सकाळी ८.३५

काका, आज गाडी वेळेवर आहे तरी उतरावंसं वाटत नाही.

पण व्यवहारात ते कसं बसवणार? फ्लॅट एक आहे. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा विकता येत नाही.


आकडेमोड | मंगळवार, सकाळी ९.२०

बसतं की. जोडप्याला एक कोटी दहाला विका. बहिणीला एक कोटी वीसच्या हिशेबाने जे मिळालं असतं, त्यातला फरक धागाकर्त्यांनी आपल्या वाट्यातून द्यावा. प्रत्येकी पाच लाखांचा फरक आहे, तिचे पाच हे देतील, यांचे स्वतःचे पाच गेलेच. म्हणजे तत्त्वाची एकूण किंमत दहा लाख, सगळी यांच्या खिशातून. भावाने बहिणीला दिलेल्या भेटीवर कर नाही, चेकने द्या. एवढे एकच बक्षीसपत्र असं आहे जे करताना मला आनंद होईल, फी घेणार नाही.

सांगलीच्या बिल्डरच्या आठ लाखांचं मात्र यात काही होत नाही. तिने दुसरं घर बघावं, किंवा त्याच्याशी पूर्ण पांढऱ्यावर घासाघीस करावी. आता घरं पडून आहेत, बरेच जण ऐकतात.


विश्रामबागेची_आक्का | मंगळवार, सकाळी ११.००

कारकूनकाका, गोष्ट छान. पण एक विचारते, राग मानू नका. तुकोबांनी खतं बुडवली तेव्हा घरात काय होतं? दुष्काळात पहिली बायको गेलेली. आवलीने पुढं पोरं आणि चूल कशी चालवली ते कुणी लिहिलं का? भावाला विचारून वाटा केला, बायकोला विचारलं होतं का?

लोक तिला कजाग म्हणतात. मला ती एकटीच शहाणी वाटते.


मधुमालती | मंगळवार, सकाळी ११.०६

आक्का +१. खूप वेळा +१.


निवृत्त_कारकून | मंगळवार, दुपारी १२.५०

राग कसला. तेच तर काजूकतलीच्या वेळी मी केलं नाही. आज आक्कांचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. ही म्हणाली, "तीस वर्षांनी कळलं का?" आणि आत गेली. दुपारच्या जेवणात आमटी थोडी खारट होती, मी काही बोललो नाही.


पावसाळी | मंगळवार, दुपारी १.१५

=)) =)) आमटीला पावती घ्या काका.


एसटीवाल्याचा_मुलगा | मंगळवार, रात्री ९.५०

बहिणीशी बोललो. दीड तास.

वहीचा फोटो आधी पाठवला, काही न लिहिता. तिने तिसरं पान बघितलं असणार, कारण लगेच फोन आला. मला वाटलं म्हणेल, बघ. ती म्हणाली, "दादा, आईची पाटली मोडली होती हे मला माहीतच नव्हतं." मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो, ती तिकडे फोटोवर, मी इकडे. गजांचे पैसे, मामांचे पैसे. अठरा हजारांचा विषय पहिला अर्धा तास निघालाच नाही.

मग मी आकडेमोडांचा हिशेब सांगितला. पाच माझ्यातले देतो म्हटलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "दान म्हणून देणार असशील तर नको. हिशेब म्हणून देणार असशील तर घेते." मी म्हटलं, हिशेब. म्हणाली, "मग वहीत लिही." बाबांच्याच वहीत शेवटची सात पानं कोरी आहेत.

बिल्डरशी ती बोलणार आहे. ऐकला नाही तर मिरजेच्या बाजूला बघणार म्हणाली. ती नाराज आहे, खोटं सांगत नाही. विश्रामबागेतल्या त्या फ्लॅटपासून तिच्या मुलाचं कॉलेज चालत अंतरावर होतं. मी ते पाच लाखांनी भरून काढू शकत नाही, हे दोघांनाही कळतं.

उद्या सकाळी जोडप्याला फोन करणार. एजंट आत्ताच रागावलाय, त्याचंही काहीतरी वरचं बुडालं बहुतेक.


कुंपण | मंगळवार, रात्री १०.०२

अभिनंदन. याला म्हणतात बाणा.


घाटावरचा | मंगळवार, रात्री १०.०८

मी असतो तर घेतले असते. पण तुमच्या बहिणीच्या 'वहीत लिही'ला आपला सलाम.


विश्रामबागेची_आक्का | मंगळवार, रात्री १०.१५

मिरजेला बघणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा, माझ्या भाच्याला ओळखीचं एक घर माहीत आहे. मालक मास्तर होते, पांढरंच मागतील.

आणि एक राहिलंच. दहा लाख सोडायचे ठरवलेत. वहिनींना विचारलंत का?


एसटीवाल्याचा_मुलगा | मंगळवार, रात्री १०.३१

अजून नाही. ती आत कपाट आवरतेय. हा प्रतिसाद टाकला की जातो.


खारीबिस्कीट | मंगळवार, रात्री १०.३२

मी रुमाल उचलत नाही. उद्याच्या आमटीचं कळवा.